कोणी इचारंच नही

हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, कुठे लावायचा यावरून आमच्या गावाच्या ग्रुपवर दोन दिवसात चारशेच्या वर मेसेज पडले होते. गेल्या वर्षीच्या ऑगस्टची गोष्ट आहे, तेव्हापासून लिहायचं लिहायचं करतेय पण सेंटरवर आधी पीकविमा, मग रेशनकार्डाची केवायसी, मग शाळेचे दाखले, असं करत राहूनच गेलं. आज लाइट नाही, इन्व्हर्टरवर तासभर निघेल, तेवढ्यात लिहून टाकते.

आमचं गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या पट्ट्यात. मी आणि मिस्टर मिळून ई-सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, काय काय, दिवसभर तेच. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा पोरांनी मलाच ॲडमिन केलं, वहिनी दिवसभर ऑनलाइनच राहतात म्हणून. मिस्टर तेव्हा फार घाबरले होते, कोणी काही टाकलं तर पोलीस ॲडमिनला उचलतात म्हणे. तेव्हा मी शोधून वाचलं, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणी आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, त्याचा आधीपासून त्यात हात असेल तर गोष्ट वेगळी. ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा कुठे शांत झाले. कायद्याने सुटका झाली तरी जबाबदारी वाटायची ती वाटतेच, ते पुढे येईल.

तर हायमास्ट. गावात एक मोठा दिवा बसवायचं चाललं होतं. एक बाजू म्हणे स्टँडवर लावा, कारण रात्रीच्या गाड्यांनी कॉलेजची पोरं येतात. दुसरी बाजू म्हणे चौकात मारुतीसमोर लावा, कारण सगळं गाव तिथेच बसतं. दोघांचंही बरोबर होतं खरं तर. पण ग्रुपवर एक तासात दिवा राहिला बाजूला आणि मागच्या निवडणुकीत कोणी कोणाचं काम केलं ते निघालं, मग कोणाच्या आजोबाने कोणाचा बांध कोरला ते निघालं, व्हॉइस नोटवर व्हॉइस नोट, रात्री साडेअकराला एकाने तर नाव घेऊन असं काही टाकलं की मला ते डिलीट करावं लागलं. दोघं ग्रुप सोडून गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दोघं आमच्या सेंटरवर विम्याच्या लाइनीत एकामागे एक उभे, आणि काय बोलत होते तर कापसावर बोंडअळी कितपत आहे. हळू आवाजात, नीट, एकमेकांचं पूर्ण ऐकून घेत. मी कॉम्प्युटरमागून बघत होते आणि मला खरंच रडायला आल्यासारखं झालं, की ही हीच माणसं आहेत ना.

भांडण थांबावं म्हणून मी दोन गोष्टी केल्या. पहिली, ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून टाकला. रात्री शांत झोप लागली. सकाळी आठला एक पोरगा सायकल हाणत आला, म्हणे वस्तीकडच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह फुटलाय, रात्रीपासून पाणी वाहून राहिलं, ग्रुपवर टाकत होतो तर जातच नाही. एक आख्खी टाकी नाल्यात गेली होती. लगेच ग्रुप उघडला. भांडणारी आठ-दहा माणसं गप्प करायच्या नादात मी सगळ्या गावाचं तोंड बंद केलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पोल टाकला. स्टँड की चौक, दोन पर्याय, द्या मतं आणि संपवा. शंभराच्या वर मतं पडली, स्टँड पुढे. सगळे म्हणाले वा, याला म्हणतात लोकशाही, आता ग्रामसभेत फक्त ठराव घ्या. मलाही तसंच वाटलं. उलट मला तर अभिमान वाटला की एवढी माणसं ग्रामसभेला तरी कधी येतात का.

आणि ते खरंच आहे. ७३वी घटनादुरुस्ती झाली १९९२ ला, एप्रिल १९९३ पासून लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, हे सगळं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. आपल्या राज्याच्या कायद्यात गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. आमच्याकडे शंभर माणसं फक्त घरकुलाची यादी असली की येतात. नाहीतर झेंड्यानंतर वीस-पंचवीस जण थांबतात, सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, मग त्या वीस-पंचवीस जणांत ठराव होतात. कधी कधी रजिस्टर घरोघर फिरून सह्या घेतल्याचंही मी बघितलंय, माझ्या सासूबाईंनी चुलीपुढे बसून सही केली आहे, कशावर ते त्यांना माहीत नव्हतं आणि आणणाऱ्यालाही सांगायची गरज वाटली नाही. तेव्हा शंभर लोकांनी बोट लावलं तर आपण फार मोठं काही केलं असं वाटणारच ना.

मग आली महिला सभा. मुख्य ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. आमच्याकडे ती कागदावर व्हायची, गेल्या तीन वर्षांपासून बचत गटाच्या ताईंनी धरून लावली म्हणून खरोखर होते. १४ ऑगस्ट, दुपारी चार, पंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजी, एक पंखा चालू एक बंद, बावीस बाया. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक विषय वाचत होते, हायमास्ट आला, मी मोठ्या उत्साहाने पोलचा निकाल सांगितला. दाराजवळ भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या, एक आक्का बसल्या होत्या, साठीच्या असतील, त्या खरं तर गटाच्या कर्जाच्या सहीसाठी आल्या होत्या, सभेसाठी नाहीच. त्या बसल्या बसल्या म्हणाल्या,

"स्टँडवर दुकानेसना उजेड शेच ना. आम्हनाकडे रातले पाय ठेवाले दिसत नही. तठे लावा ना."

सगळ्या गप. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवला. कोणीतरी विचारलं, "मंग आक्का, आधी का बरं नही सांगं?"

आक्का म्हणाल्या, "कोणी इचारंच नही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता बरं का. पाऊस नाही आला असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

घरी येऊन मी तो पोल पुन्हा उघडला. प्रश्न मी लिहिला होता, पर्याय मी लिहिले होते. स्टँड आणि चौक, कारण भांडण त्या दोनवर होतं, आणि भांडण त्या दोनवर होतं कारण भांडणारे त्या दोन जागी बसणारे होते. तिसरी जागा पोलमध्ये नव्हतीच तर तिला मत पडणार कुठून. मग मी बसून ग्रुपचे नंबर मोजले. तीनशे चाळीस नंबर, त्यात बाया सव्वीस. सरपंचताईंच्या नावाने सेव्ह आहे तो नंबर त्यांच्या मिस्टरांचा. आपल्याकडे २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायांना आहेत, पण ग्रुपवर निम्म्या कुठल्या, दहातली एक पण नाही. आणि भिलाटीतले नंबर चार. चार! घरं साठ आहेत तिथे. ज्यांच्याकडे मोबाइल आहे ते रिचार्ज संपला की महिना महिना बंद असतात, आणि बाया तर सकाळी सातला कामाला जातात त्या सहा-साडेसहाला येतात. ज्या वेळेला आमचं ग्रुपवर लोकशाही चाललं होतं त्या वेळेला त्या भाकरी थापत होत्या.

मी सासऱ्यांना हे सगळं सांगितलं. ते ग्रुपवर नाहीत, त्यांच्याकडे बटनाचा फोन. ते म्हणाले, "आधी पाट देखा, मंग बोला."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य आहे, आणि ते कुठून आलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, थोडं लांबेल पण ऐका. आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे, तीनशे-चारशे वर्षं जुनी म्हणतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या म्हणजे छोटे पाट, आणि बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात गहू, कोणता फड मोकळा ठेवायचा, हे दरवर्षी शेतकरी बसून ठरवणार आणि फिरवत राहणार, म्हणजे एकाच्याच वाट्याला कायम बिनपाण्याचं पीक येत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांना धान्यातून मोबदला. ना सरकारी इंजिनियर ना मीटर. मला लग्न होऊन आल्यावर हे समजलं तेव्हा विश्वास बसेना, कारण माझं माहेर यावलकडचं, केळीवाले, तिथे ज्याची विहीर त्याचं पाणी. (तिकडे आम्ही लेवा बोलतो, इथे अहिराणी, पहिलं वर्षभर मी नुसती ऐकतच होते.) आता धरणं झाली, विहिरी झाल्या, बोअर झाले, बऱ्याच ठिकाणी फड मोडले, काही ठिकाणी अजून तग धरून आहेत.

तर सासरे सांगतात की त्यांच्या तरुणपणी पाण्यावरून तक्रार आली तर ती पारावर ऐकत नसत. पंच आणि तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, सगळे उठून पाटाने चालत जायचे, वरपासून शेवटच्या शेतापर्यंत. कुठे चारी फुटली, कुठे गाळ साचला, कुठे कोणी माती सारली, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर. आणि शेवटच्या शेतावर पोचल्यावर बोलायला सुरुवात. तोवर निम्मं भांडण वाटेतच मिटलेलं असायचं, कारण शेवटच्या शेतातलं सुकलेलं पीक बघून वरच्या शेतवाल्याला बोलायला जीभ रेटत नसे. मला वाटतं आपण ज्याला मोठ्या शब्दात लोकसहभाग वगैरे म्हणतो त्यातलं अवघड काम हेच आहे, आपलं मत घेऊन निघायचं आणि शेवटच्या शेतापर्यंत चालेपर्यंत ते बदललं तर बदलू द्यायचं. फोनवर मत बदलायला कोणी येतच नाही. तिथे बदललं तर हरलो असं होतं, तीनशे लोकांसमोर, आणि स्क्रीनशॉट काढलेला राहतो तो वेगळाच.

म्हणून त्या रात्री, १४ तारखेला, आठ वाजता आम्ही भिलाटीत गेलो. ग्रुपवर मी फक्त एवढंच टाकलं होतं की ज्यांना दिव्याबद्दल बोलायचंय त्यांनी आठला शाळेजवळ या. नऊ जण आले. त्यात स्टँडच्या बाजूने सगळ्यात जास्त मेसेज टाकणारा पोरगा पण होता, तो खरं तर मला खोटं पाडायलाच आला होता असं त्याने नंतर सांगितलं. शाळेमागून वस्तीकडे जो रस्ता जातो तो मी दिवसा शंभर वेळा बघितलेला. रात्री, पावसाळ्यात, तो रस्ता नाहीच. डाव्या हाताला नाला, नाल्यावर टाकलेली एक फळी, चिखल, आणि एकही खांब पेटलेला नाही, खांबच दोन आणि दोघांवरचे बल्ब कधीचे गेलेले. आम्ही मोबाइलच्या टॉर्च लावल्या. तेवढ्यात समोरून एक मुलगी आली, सातवी-आठवीतली असेल, डोक्यावर हंडा, एका हाताने हंडा धरलेला आणि दुसऱ्या हाताने काठी जमिनीवर आपटत येत होती, साप असला तर बाजूला व्हावा म्हणून. फळी तिने न बघता ओलांडली. तिला पाठ होती ती. आमच्यातला एक जण त्याच फळीवरून घसरला.

परत येताना कोणीच बोललं नाही फारसं. तो पोरगा शाळेच्या फाटकाजवळ थांबून म्हणाला, वहिनी, हायमास्ट कशाला मग, एवढ्या पैशात साधे खांब किती बसतील ते काढा.

रात्री बसून काढलं. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२१-२२ ते २०२५-२६ साठी ६० टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, असा होता. दिवाबत्ती अबंधितमधून होते. आमच्या पंचायतीचा मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असतो, कोणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही, मी सेंटरवर बसून रोज दहा वेबसाइट उघडते पण आपल्याच गावाचा आराखडा उघडून बघितला नव्हता कधी. त्या रात्री पहिल्यांदा बघितला. दुसऱ्या दिवशी झेंड्यानंतरच्या सभेत महिला सभेचा विषय पहिला घेतला, आक्का आल्या होत्या, सोबत भिलाटीतल्या आणखी पाच जणी. आणि स्टँडवाला पोरगा उठून म्हणाला की मी स्टँडसाठी भांडत होतो, काल रात्री वस्तीत जाऊन आलो, आता मी म्हणतो खांब तिकडे लावा. चौकवाल्यांतून कोणीतरी म्हटलं आमची हरकत नाही. पाच खांब, शाळेपासून वस्तीपर्यंत. सर्वानुमते. आख्खा विषय वीस मिनिटांत झाला, चारशे मेसेजनंतर.

आता एक गोष्ट लिहायची आहे जी लिहायला मला सात वर्षं हिंमत झाली नाही.

१ जुलै २०१८, रविवार. राईनपाडा आमच्याच तालुक्यात आहे. आठवडे बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. त्या आधी आठवडे-आठवडे सगळ्यांच्या फोनवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. त्या संशयावरून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत. जिथे सभा होते, जिथे ठराव लिहितात, तिथे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं, सुप्रीम कोर्टाने झुंडबळी रोखायला सरकारांना सूचना दिल्या, पण ते पाच जण काही परत आले नाहीत.

तो मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज मलाही आला होता. तीनदा. मी पुढे पाठवला नाही. पण ज्या ग्रुपवर आला तिथे हे खोटं आहे, कुठल्या गावात कोणाचं पोर गेलंय ते आधी सांगा, एवढं एक वाक्य मी लिहू शकले असते, मला वाचता येतं, टाइप करता येतं, दिवसभर तेच करते, आणि मी नाही लिहिलं. वाटलं कशाला उगाच वाद. त्या माणसांना कोणीतरी शांतपणे विचारलं असतं, तुम्ही कुठले, कागद आहे का, एक फोन त्यांच्या गावाला लावला असता, तर. पुढचं मला लिहवत नाही. आक्कांचं ते वाक्य ऐकलं तेव्हा मला दिव्याच्या आधी राईनपाडाच आठवलं होतं, हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही.

आता मी ग्रुपवर काय करते ते थोडक्यात लिहिते, कोणाला उपयोग झाला तर. पोल बंद. निदान सगळ्या वस्त्यांत जाऊन पर्याय काय काय ते विचारल्याशिवाय तरी नाहीच. ग्रुपचा उपयोग दवंडीसारखा करते, सभा कधी, विषय कोणते, आणि सभा झाली की दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताच्या पानाचा फोटो, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट. यावर सुरुवातीला काहींना राग आला, पण फोटो पडायला लागल्यापासून घरोघर सह्या फिरणं बंद झालंय हे सगळ्यांना दिसतंय. आराखड्याची यादी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून चक्कीच्या भिंतीवर लावते, कारण दळण टाकून बाया तिथे अर्धा तास थांबतात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणीतरी वाचून दाखवतं. अफवा आली तर त्याच ग्रुपवर, नावासकट, कुठे, कधी, कोण, असं विचारते. बहुतेक वेळा उत्तर येत नाही आणि मेसेज तिथेच मरतो.

सगळं छान झालंय असं अजिबात नाही. आमच्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, लागू आहे, तिथे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते, आमचं गाव त्यात नाही त्यामुळे भिलाटीला गावाच्या सभेत येऊनच बोलावं लागतं आणि मजुरी बुडवून येणं परवडत नाही. पाच खांबांचा ठराव झाला पण लागले तीन, दोन पुढच्या आराखड्यात धरलेत. नाल्यावर फळी अजून तीच आहे. आणि ग्रुपवर परवापासून नळपट्टीवरून सुरू झालंय, मीटर बसवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, काल रात्री शंभर मेसेज पडलेत, कोणीतरी लिहिलंय वहिनी पोल टाका.

तर उद्या भिलाटीत जायचंय. आक्कांना फोन केला होता, त्यांच्या सुनेने उचलला, म्हणाली सात नंतर या, सगळ्या कापूस वेचायला गेलेल्या असतात. टॉर्च घेऊन जाईन, शेवटच्या दोन खांबांची जागा अजून अंधारातच आहे.